मुक्तिपत्रानंतर : वेठबिगारांचे पुनर्वसन आणि शासनाचे दायित्व

प्रेमचंदांच्या ‘सवा सेर गेहूँ’ या कथेतील शंकर हा गरीब शेतकरी दारी आलेल्या साधूच्या भोजनासाठी गावातील विप्रमहाराजांकडून सव्वा शेर गहू उसने आणतो. आपण ते केव्हाच फेडले अशी त्याची भाबडी समजूत असते. पण काही वर्षांनी त्या गव्हाचे मणांत रूपांतर झालेले त्याला कळते, मणांचे रुपये होतात आणि व्याजापोटी तो महाराजांच्या घरी राबू लागतो. वीस वर्षे राबून तो मरतो, तेव्हाही कर्ज शिल्लकच असते आणि त्याच्या जागी त्याचा मुलगा जुंपला जातो. भारतीय साहित्यात वेठबिगारीचे इतके नेमके अर्थशास्त्र क्वचितच दुसरीकडे सापडेल.

या कथेच्या वाचकाला स्वाभाविकपणे वाटते की, एखादा कायदा असता तर तो मुलगा सुटला असता. तसा कायदा पुढे झाला. त्याने अशा कर्जांची बाकी एका कलमाने पुसून टाकली. परंतु सुटलेल्या मुलाने दुसऱ्या दिवशी कोठे जावे, कोणाच्या शेतावर राबावे, घरात आजारपण आले तर कोणापुढे हात पसरावा, हे प्रश्न त्या कलमाच्या बाहेरच राहिले. ‘वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम’ अमलात आल्याला २०२५ मध्ये पन्नास वर्षे झाली. या पन्नास वर्षांत मुक्तीनंतरच्या माणसाविषयी भारतीय शासनाने काय मानले, काय केले आणि काय करावयाचे राहून गेले, याचा परामर्श घेण्याचा हा प्रयत्न आहे.

१

‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून आला. राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने रयतेकडून मोबदल्यावाचून करवून घेतलेले काम, हा त्याचा मूळ अर्थ. ‘बिगार’ फारसीतून आला आणि त्याचाही अर्थ तोच. भारतीय संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदात मानवी देहव्यापार आणि सक्तीच्या श्रमाबरोबर ‘बिगार’ हा शब्द जसाच्या तसा आला आहे. कायद्याला अभिप्रेत असलेल्या वेठबिगारीत मात्र आणखी एक घटक असतो आणि तो म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम. ती रक्कम घेतल्यामुळे माणूस दुसरीकडे काम करण्याचा, मनाप्रमाणे गाव सोडण्याचा, आपल्या श्रमाचा भाव ठरविण्याचा हक्क गमावतो आणि पुष्कळदा ते बंधन त्याच्या कुटुंबावर व पुढच्या पिढीवर येते.

प्रांतोप्रांती या बंधनाला वेगळी नावे होती. दक्षिण बिहारमधील कमिया, गुजरातमधील हाळी, राजस्थानातील सागडी, कर्नाटकातील जीत, ओरिसातील गोठी ही त्यांतील काही. मराठी वाचकाला ‘लग्नगडी’ हा शब्द गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे परिचित आहे. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून थोडी रक्कम घेई आणि त्या रकमेपोटी तो व त्याची बायको दोघेही जमीनदाराच्या घरी बांधले जात. १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली आणि लग्नगड्यांना मोकळे केले. ही मुक्ती कोणत्याही अधिनियमाने दिलेली नव्हती, ती वारल्यांनी स्वतः मिळविलेली होती, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. साहित्य अकादेमीने १९७२ साली पुरस्कार देऊन या पुस्तकाचा गौरव केला, तेव्हा देशभराचा कायदा व्हावयाचा होता.

२

गुलामगिरीच्या निर्मूलनाचा इतिहास पाहताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. बहुतेक ठिकाणी कायदा करणाऱ्यांनी मालकाच्या नुकसानीचा विचार आधी केला आणि सुटणाऱ्या माणसाच्या उपजीविकेचा विचार नंतर केला किंवा केलाच नाही. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द करताना मालकांना भरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर केले. मुक्त झालेल्यांना एक पैही मिळाली नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली पूर्वीच्याच मालकाकडे त्यांना आणखी काही वर्षे राबावे लागले, ते १८३८ पर्यंत. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख तर या कायद्यातून वगळलेलाच होता.

हिंदुस्थानात १८४३ चा पाचवा अधिनियम आला. त्याने गुलामगिरी गुन्हा ठरविली नाही. न्यायालये यापुढे गुलामावरील मालकी हक्क मानणार नाहीत, एवढेच सांगितले. मालकाला भरपाई नाही आणि गुलामाला आधारही नाही, अशी ही तडजोड होती. याचा परिणाम असा झाला की, जन्माने बांधलेला माणूस हळूहळू कर्जाने बांधलेला माणूस म्हणून दिसू लागला. मालकी हक्काची भाषा न्यायालयात चालेनाशी झाली. कराराची भाषा मात्र चालत होती. १८५९ च्या करारभंगाच्या कायद्याने तर आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कामगाराला दंडाधिकाऱ्यासमोर उभे करण्याची सोय मालकांना करून दिली. हा कायदा रद्द करण्यासाठी १९२५ साल उजाडावे लागले. एका हाताने गुलामगिरीला मान्यता नाकारणारे शासन दुसऱ्या हाताने उचल वसूल करून देत होते, असेच म्हणावे लागेल.

पुढे प्रांतिक पातळीवर काही प्रयत्न झाले. बिहार-ओरिसा प्रांतात १९२० साली कमियौती करारांवर मर्यादा घालणारा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर राजस्थानने १९६१ साली सागडी पद्धती रद्द केली. या साऱ्या कायद्यांची दृष्टी करारावर खिळलेली होती. करार बेकायदा ठरला की माणूस सुटला, अशी त्यांची श्रद्धा होती.

३

१ जुलै १९७५ रोजी जाहीर झालेल्या वीस कलमी कार्यक्रमात वेठबिगारीच्या उच्चाटनाचा समावेश होता आणि त्यानुसार ऑक्टोबरमध्ये वटहुकूम निघाला. फेब्रुवारी १९७६ मध्ये त्याचे अधिनियमात रूपांतर झाले. अंमल मात्र २५ ऑक्टोबर १९७५ पासून धरण्यात आला. देशातील नागरिकांचे मूलभूत हक्क आणीबाणीमुळे स्थगित असताना देशातील सर्वांत परतंत्र माणसांना स्वातंत्र्य देणारा कायदा व्हावा, हा या इतिहासातील एक विरोधाभास आहे.

कायदा म्हणून त्याची रचना धाडसी होती. त्याने वेठबिगारीचे कर्ज नष्ट झाल्याचे जाहीर केले. त्या कर्जापोटी ताब्यात घेतलेली मालमत्ता परत करण्यास सांगितले. मालकाच्या जागेवरील झोपडीतून मुक्त मजुराला हुसकता येणार नाही असे ठरविले. आणि नष्ट झालेल्या कर्जाची फेड स्वीकारणे हाच गुन्हा केला. हे कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर टाकली. जिल्हाधिकाऱ्याला अंमलबजावणीचे अधिकार देऊन जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद केली.

या अधिनियमातील अकरावे कलम फारसे उद्धृत होत नाही. परंतु प्रस्तुत विषयाचे मर्म तेथेच आहे. मुक्त झालेल्या मजुराचे आर्थिक हितसंबंध सुरक्षित ठेवून, पुन्हा तसे कर्ज काढण्याचा प्रसंग किंवा कारण त्याला उरू नये यासाठी जिल्हाधिकाऱ्याने झटावे, असा त्याचा आशय आहे. कायद्याच्या कर्त्यांना हे नक्कीच ठाऊक होते की, बंधन कर्जात असते त्याहून अधिक ते कर्ज काढावे लागण्याच्या परिस्थितीत असते. मात्र हेच कर्तव्य सांगताना ‘शक्य असेल तेथवर’ अशी पुस्तीही त्यांनी जोडली. कर्ज नष्ट करताना अशी पुस्ती नव्हती. म्हणजे मुक्ती निरपवाद होती आणि मुक्तीनंतरचा आधार शासनाच्या सवडीवर सोडलेला होता. पुढील पन्नास वर्षांच्या इतिहासाचे बीज या दोन वाक्यांतील फरकात आहे.

४

पुनर्वसनाची केंद्रपुरस्कृत योजना मे १९७८ मध्ये सुरू झाली. प्रत्येक मुक्त मजुरामागे कमाल ४,००० रुपये आणि खर्चाचा निम्मा वाटा राज्याचा, असे तिचे स्वरूप होते. ही मर्यादा १९८६ मध्ये ६,२५० रुपये, १९९५ मध्ये १०,००० रुपये आणि २००० साली २०,००० रुपये झाली. त्यानंतर ती सोळा वर्षे तेथेच राहिली. मजुराला प्रत्यक्षात काय मिळे? कोठे बैलजोडी, कोठे शेळ्या, कोठे जमिनीचा तुकडा. कोरडवाहू जमिनीला पाणी नसे, आणि बैल असला तरी पेरणीपर्यंत घर चालविण्याची सोय नसे. जनावर मेले किंवा अडचणीत विकले गेले की पुनर्वसन संपले. शासनाच्या दप्तरात मात्र त्या नावापुढे ‘पुनर्वसित’ अशी नोंद कायमची झालेली असे.

या ठिकाणी धनको आणि शासन यांच्यातील एक फरक समजून घेतला पाहिजे. धनकोची मदत क्रूर अटींवर मिळते, पण ती वर्षभर आणि हाकेच्या अंतरावर मिळते. मूल तापाने फणफणले, छप्पर कोसळले, मुलीचे लग्न ठरले, पावसाने दगा दिला की त्याचे दार उघडे असते. शासनाची मदत एकदाच येते; तीही अर्ज, चौकशी आणि मंजुरीनंतर. मुक्त माणसाच्या जीवनातील संकटे हप्त्याहप्त्याने येतात आणि शासनाचे औदार्य एकरकमी असते. ज्याला आपण ‘पुन्हा वेठबिगारीत पडणे’ म्हणतो, तो पुष्कळदा मजुराचा अडाणीपणा नसतो. उपलब्ध असलेल्या एकमेव पतपुरवठ्याकडे त्याने केलेले ते प्रत्यागमन असते.

ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढे एका पत्राच्या रूपाने आली. फरीदाबादच्या दगडखाणींतून न्यायालयाच्याच आदेशाने मुक्त झालेले १३५ मजूर तत्कालीन मध्य प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यातल्या आपल्या गावी परतले होते. सुमारे सहा महिन्यांनी नीरजा चौधरी या पत्रकार त्या गावांत गेल्या, तेव्हा पुनर्वसनाचे नावही तेथे नव्हते. त्यांचे पत्र याचिका म्हणून दाखल करून घेण्यात आले. न्यायमूर्ती भगवतींच्या निकालपत्राचा गाभा असा होता की, ओळख, मुक्तता आणि पुनर्वसन ही तिन्ही संविधानाच्या एकविसाव्या व तेविसाव्या अनुच्छेदांची मागणी आहे. पुनर्वसनावाचून मुक्त केलेला माणूस दारिद्र्य आणि असहायता यांच्या रेट्याने पुन्हा दास्यात ढकलला जाईल. याआधी १९८२ च्या ‘एशियाड’ खटल्यात किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करवून घेतलेले काम हेही सक्तीचे श्रम ठरले होते, तर डिसेंबर १९८३ च्या बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात खाणमजुरांच्या वेठबिगारीची दखल घेण्यात आली होती. नीरजा चौधरी खटल्याचे वेगळेपण हे की, त्याने मुक्तीनंतरच्या काळाला न्यायाच्या कक्षेत आणले. शासनाची कृपा म्हणून दिली जाणारी गोष्ट नागरिकाचा हक्क ठरली.

याच निकालात केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या सचिवांनी सप्टेंबर १९८२ मध्ये राज्यांना लिहिलेल्या पत्राचा आधार घेतला आहे. शासकीय पत्रव्यवहारात विरळा आढळणारी समज त्या पत्रात आहे. आर्थिक पुनर्वसनाच्या बरोबरीने मानसिक पुनर्वसन झाले पाहिजे, असे ते सांगते. घर, शेतजमीन व तिची सुधारणा, पशुपालन, कौशल्यशिक्षण, पतपुरवठा, किमान वेतन, वनोपज, आरोग्य, मुलांचे शिक्षण, नागरी हक्कांचे संरक्षण अशी पुनर्वसनाची अंगे ते मोजते आणि कोणता पर्याय घ्यावयाचा याची निवड मजुरानेच करावी, असा आग्रह धरते. आयुष्यभर ज्याच्या वतीने दुसऱ्यांनीच निर्णय घेतले, त्याला निवड करावयास सांगणे हे पुनर्वसनाचे पहिले पाऊल होय. दुर्दैवाने पत्रातील ही समज पुढच्या सरकारी नमुन्यांपर्यंत पोहोचली नाही.

५

किती माणसे या कायद्याखाली मोकळी झाली? १९७८ च्या सुमारास गांधी शांती प्रतिष्ठान व राष्ट्रीय श्रम संस्था यांच्या पाहणीने देशात सुमारे २६ लाख वेठबिगार असल्याचा अंदाज दिला. त्याच काळात राष्ट्रीय नमुना पाहणीचा आकडा साडेतीन लाखांच्या घरात होता. शासनाने अर्थातच लहान आकड्याला जवळ केले. १९७८ पासून आजवर शासनाने मुक्त केलेल्यांची संख्या तीन लाखांच्या आसपास आहे. २०१६ मध्ये मात्र केंद्र सरकारनेच २०३० पर्यंत सुमारे १ कोटी ८४ लाख वेठबिगारांच्या मुक्ततेचे व पुनर्वसनाचे उद्दिष्ट जाहीर केले. हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांतील तफावत मोजणीच्या पद्धतीमुळे जशी आहे, तशीच ती मान्यतेच्या इच्छेमुळेही आहे. वेठबिगार आढळला की त्याचे पुनर्वसन करावे लागते आणि त्याच्या अस्तित्वाची जबाबदारीही घ्यावी लागते. म्हणून आपल्या जिल्ह्यात वेठबिगार नाहीत, असे कळविणे हा सर्वांत सोपा अहवाल ठरतो.

या नकाराशी अनेकांनी झुंज दिली. पलामू जिल्ह्यात महाश्वेतादेवींनी वेठबिगारांच्या संघटनेला हातभार लावला आणि त्यांच्याविषयी सातत्याने लिहिले. त्यांची ‘डौलोती’ ही कथा कमियाच्या मुलीची आहे. बापाचे कर्ज फेडण्याच्या नावाखाली तिला देहविक्रयात ढकलले जाते. पुनर्वसनाचे धोरण पुरुष मजूर डोळ्यांसमोर ठेवून आखले जात असताना ही लेखिका बंधनाची दुसरी, अधिक काळोखी बाजू दाखवीत होती. ठाणे जिल्ह्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटनेच्या द्वारा आदिवासी वेठबिगारांच्या मुक्ततेचे काम केले. १९९९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यताही मिळाली. वारल्यांच्या उठावानंतर चार दशकांनी त्याच जिल्ह्यात हे काम नव्याने करावे लागले, यातून एकदाच मिळालेल्या मुक्तीची मर्यादा स्पष्ट होते. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्याची जबाबदारी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपविली.

दरम्यान वेठबिगारीचे रूपही पालटले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या गड्याची जागा हंगामी स्थलांतरिताने घेतली. वीटभट्टी, दगडखाण, भातगिरणी येथे संपूर्ण कुटुंब उचल घेऊन जाते. ओरिसात तिला ‘दादन’ म्हणतात, उत्तरेत ‘पेशगी’. हंगाम संपला तरी हिशेब संपत नाही. अशा मजुराची सुटका एका राज्यात होते आणि घर दुसऱ्या राज्यात असते. मुक्तिपत्र एका जिल्हाधिकाऱ्याने द्यावयाचे, पुनर्वसन दुसऱ्याने करावयाचे. दोन कचेऱ्यांच्या मधल्या रस्त्यावर मजूर उभा असतो. हातात मुक्तिपत्र नसेल तर शासनाच्या लेखी तो कधी बांधलेलाच नव्हता.

६

मे २०१६ मध्ये पुनर्वसन योजनेची नवी मांडणी झाली. प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया व बालकांना दोन लाख, आणि देहव्यापारातून किंवा तत्सम टोकाच्या शोषणातून सुटलेल्या स्त्रिया व बालके, तृतीयपंथी व अपंग व्यक्ती यांना तीन लाख रुपये, अशी तरतूद करण्यात आली. राज्याचा आर्थिक वाटा काढून टाकला आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान दहा लाखांचा कायम निधी असावा असे ठरले. डौलोतीसारख्या मुलींचे अस्तित्व धोरणाने प्रथमच वेगळे मानले. स्त्रिया व बालकांच्या रकमेचा मोठा भाग ठेवीत ठेवून त्यातून दरमहा उत्पन्न मिळावे, ही कल्पना तर विशेष उल्लेखनीय आहे. एकरकमी औदार्याऐवजी काळात टिकणारा आधार देण्याचा विचार या योजनेत दिसतो.

पण याच योजनेने एक नवी गाठ मारली. पूर्ण रकमेचे अंतिम वाटप वेठबिगारी न्यायप्रक्रियेत सिद्ध होण्याशी जोडले गेले. तातडीची मदत तेवढी निकालावाचून मिळू शकते. ती प्रथम २०,००० आणि २०२२ पासून ३०,००० रुपयांपर्यंत आहे. आरोपीला शिक्षा व्हावी ही अपेक्षा योग्यच आहे. परंतु खटला लांबला, साक्षीदार फुटले किंवा पोलिसांनी योग्य कलम लावले नाही, तर त्याची किंमत कोणी मोजावयाची? ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा आधार, अन्याय करणाऱ्याच्या खटल्याच्या निकालावर अवलंबून ठेवणे हे अकराव्या कलमाच्या हेतूशी विसंगत आहे. कर्ज काढण्याचे कारण निकालाची वाट पाहत थांबत नाही.

आशेला जागा आहे ती वेगळ्या ठिकाणी. तमिळनाडूच्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यात मुक्त झालेल्या इरुळ कुटुंबांनी जिल्हा प्रशासनाच्या साहाय्याने अलीकडे स्वतःची वीटभट्टी उभी केली. जे कौशल्य बंधनात शिकले, तेच मालकी हक्काने वापरण्याची ही संधी आहे. येथे शासनाने रक्कम देऊन निरोप घेतला नाही. जागा, भांडवल व बाजारपेठ यांची सोय लावीत ते काही काळ सोबत राहिले. पुनर्वसन यशस्वी होते तेथे बहुधा अशी सोबत आढळते.

सव्वा शेर गव्हाकडे पुन्हा एकदा वळू. शंकरच्या मुलाचे कर्ज आजच्या कायद्याने केव्हाच नष्ट झाले आहे. त्याच्या नावाचे मुक्तिपत्र निघेल, नशीब असेल तर तातडीची मदतही मिळेल. त्यानंतरच्या वर्षी पाऊस पडला नाही आणि घरात धान्य उरले नाही, तर त्याने कोणत्या दाराशी जावे, याचे उत्तर देण्याचे दायित्व अकराव्या कलमाने जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीवर टाकले आहे. त्या कचेरीचे दार विप्रमहाराजांच्या दाराइतके जवळ आणि तितक्याच तत्परतेने उघडणारे होईल, तेव्हा या कायद्याचे काम पुरे झाले असे म्हणता येईल.